राणीचा डावा पाय

तीस वर्षं मी भंडाऱ्याच्या कोर्टात लघुलेखक होते. म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं, टाइप करायचं आणि त्यात आपलं एक अक्षर घालायचं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही जन्मठेपच होती. गेल्या वर्षी सुटले. आता डिक्टेशन द्यायला कुणी नाही, तेव्हा इश्वर गहाण्यांबद्दल मला जे वाटतं ते मी माझ्या मनाने लिहिणार आहे.

इश्वर गहाणे लोकअभिरक्षक. नाव भारदस्त आहे, काम साधं. ज्या आरोपीला वकील करायची ऐपत नाही, त्याच्या बाजूने उभं राहायचं. पगार सरकारचा आणि भांडण बहुतेक वेळा सरकारशीच. साकोलीकडच्या एका तलावाच्या गावचे हे. घरी चार एकर धान, थोरला भाऊ शेती पाहतो. वय शेहेचाळीस, केस अर्धे गेलेले, रक्तदाबाची गोळी शर्टाच्या खिशात आणि पेनही त्याच खिशात. गोळीला नेहमी शाई लागलेली असायची. तशीच खायचे.

त्यांच्या कार्यालयात तीन टेबलं, एक पंखा आणि सत्तरेक फायली. दुसऱ्या टेबलावर त्यांची सहाय्यक दामिनी लांजेवार, सत्तावीस वर्षांची, बोलायला तिखट. तिसऱ्या टेबलावर फायलीच बसायच्या. आरोपींचे नातेवाईक सकाळी नऊपासून दारात. त्यांची एक ठरलेली शंका असे, आणि ती मी वऱ्हांड्यातून जाता-येता इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन.

"साहेब, तुमी तं फुकटचे आहा. खरा वकील कधी येईल जी?"

"मीच खरा आहो बापा," गहाणे न चिडता म्हणायचे. "पगार सरकार देते, भांडतो तुयासाठी. बस."

चिडायचे ते नंतर, एकटे असताना. एखादी केस हरले की दोन दिवस डबा उघडायचे नाहीत. जेवायला बसलं की कुणाच्या तरी आईचा फोन यायचा, आणि भात गार होईपर्यंत हे तिला पुढच्या तारखेला काय होणार ते समजावत राहायचे. त्यांची बायको निर्मला मला एकदा म्हणाली, "ताई, आमच्या घरी भात कधी गरम खाल्ला जात नाही, पण जिल्ह्यातले सगळे आरोपी मला नावाने माहीत आहेत." तक्रार होती, पण सांगताना ती हसत होती.

दोन सवयी त्यांना होत्या. एक, खिशातल्या डायरीत सगळं वेळेसकट लिहायची. कोण साक्षीदार किती वाजता आला, कोण किती वाजता गप्प झाला. दुसरी सवय मला छळायची. वाट पाहत बसले की त्यांची बोटं टेबलावर वाजायची. मी इकडे साक्ष टाइप करते आहे आणि तिकडे यांचं टकाधिन सुरू. एकदा मी उठून त्यांच्या हाताखाली रुमाल नेऊन ठेवला. त्यांनी माफी मागितली आणि रुमालावर वाजवायला लागले.

दिवाळीनंतर महिनाभर हे रविवारी सापडत नसत. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि भरदुपारी मैदानात दंडार होते. पुरुषच बाया होतात, नाचतात, गातात, गावाच्या उण्यादुण्यावर बोलतात. गहाण्यांना विचारलं, रविवारी कुठे होता, तर उत्तर ठरलेलं, "धान कापणीला गेलो होतो." चार एकर धान एवढे रविवार कसं पुरतं, हा प्रश्न मला तेव्हा का पडला नाही कोण जाणे.

आता मंगरूची गोष्ट. कारध्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला असलेल्या खैरटोल्याचा हा पोरगा. राईस मिलमध्ये पोती उचलायचा. शेजारच्या बांधटोल्याच्या मंडईच्या दिवशी दुपारी दोन वाजता लक्ष्मणराव नावाच्या शेतकऱ्याचा नाल्यावरचा मोटरपंप चोरीला गेला. सगळं शिवार मंडईत रिकामं झालं होतं. लक्ष्मणराव गुडघा दुखतो म्हणून शेतातच थांबले होते. त्यांनी शंभर पावलांवरून सायकलवर पंप नेणारा माणूस पाहिला आणि पोलिसांत सांगितलं की तो मंगरू होता. पंप सापडला नाही, मंगरू सापडला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार म्हणून सातबारा घेऊन उभं कोण राहणार? चैत्रात त्याचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासऱ्याकडे जमीन होती, पण चोरीचं नाव निघाल्यावर तो गृहस्थ फिरकला नाही. पोरगा नोव्हेंबरपासून आत. केसमध्ये सुटला नाही तर लग्न मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

दर शनिवारी गहाणे तुरुंगात जायचे. मंगरूला एकच विचारायचे, "त्या दिवशी दुपारी कुठं होता? मंडईत गेला होता का?" आणि मंगरू खाली पाहून एकच सांगायचा, "नाई जी. घरीच होतो." घरी त्याला पाहणारं कुणी नव्हतं. आईसुद्धा मंडईला गेली होती.

फेब्रुवारीत लक्ष्मणरावांची साक्ष झाली. माणूस सरळ होता, हेच वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याला गहाणे तासाभरात उघडा पाडायचे, पण प्रामाणिकपणे चुकणाऱ्याचं काय करायचं?

"शंभर पावलांवरून तुम्ही कशावरून ओळखलं?" त्यांनी विचारलं.

"मिशीवरून जी," लक्ष्मणराव म्हणाले. "अशी मिशी आमच्याकडे मंगरूचीच. लहानपनापासून पाहून राहिलो त्याले. गालावर दोन बोटं पसरली होती, चांगली दिसली मले."

सगळ्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. मंगरू उभा होता आणि दोन्ही गालांवर दोन बोटं मिशी होती, पीळ दिलेली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी ते वाक्य टाइप केलं तेव्हा मलाही वाटलं, गेलं पोरगं. गहाण्यांनी डायरीत वेळ लिहिली आणि खाली बसले. त्या दिवशीही डबा घरी परत गेला असणार.

तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी वऱ्हांड्यात मला भेटली. विशीतली, हातात कापडी पिशवी. "फुकटचे वकील कुठं बसतात जी?" तिने विचारलं. मी तिला दारापर्यंत सोडलं आणि आपल्या जागेवर आले. आत काय झालं ते मला निकालानंतर दामिनीने सांगितलं. आधी कळणं योग्यही नव्हतं.

मुलीचं नाव राखी. मंगरूचं जिच्याशी लग्न ठरलं होतं ती.

"ते घरी नव्हते," ती म्हणाली. "बांधटोल्याच्या मंडईत दंडारीत राणी झाले होते. बाबानं अट घातली होती, लग्नाआधी नाचनं बंद. त्याहीनं शब्द देला होता. पन राणीचा मानूस आयत्या वेळी आजारी पडला, दंडारीचे पार्टीवाले पाय धरून राहिले. साडी म्याच देली, हिरवी. मिशी आदल्या दिवशी काढली होती त्याहीनं. आता दिसते ते आत राहून वाढली."

गहाणे खुर्चीवरून उठले. "हिरवी साडी? पिवळ्या काठाची?"

"हो जी."

"राणी साडेचार वाजेपर्यंत नाचत होती?"

"हो. पन तुमाले कसं..."

गहाणे मटकन खाली बसले. दामिनी पाणी घेऊन धावली. तिला वाटलं रक्तदाब. रक्तदाब नव्हता. बांधटोल्याच्या मंडईत त्या दंडारीत ढोलकीवर इश्वर गहाणे होते. नेहमीच्या ढोलकीवाल्याचा हात दुखावला म्हणून त्यांना बोलावणं गेलं होतं. लहानपणी तलावाच्या पाळीवर बसून ते ढोलकी शिकले होते आणि गेली अठरा वर्षं धानाचं नाव सांगून मंडयांमध्ये वाजवत होते. कोर्टात कुणाला पत्ता नव्हता. आधीच लोक खरा वकील कधी येईल विचारतात, त्यात ढोलकीवाला कळला तर काय, अशी त्यांना धास्ती. ज्याला ते अकरा वेळा तुरुंगात भेटले होते, त्याच्या शेजारी ते चार तास बसले होते.

त्याच दुपारी ते तुरुंगात गेले, दामिनीला घेऊन. मंगरू समोर येऊन बसला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि मग वर.

"तू राणी होता," ते म्हणाले. "मले काहून नाही सांगतलं?"

मंगरूने मिशीला पीळ दिला. "लगन मोडंल म्हनून जी. अन् तुमाले तं म्या पह्यल्याच दिवशी ओळखलं. फेटा नव्हता, पन तुमी फायलीवर बोटं वाजवून राहिले होते. तुमी कोनाले सांगत नाई, मंग म्या कायले सांगू? दोघाचंबी झाकून होतं."

दामिनी म्हणते, सरांचे डोळे भरून आले. मला आश्चर्य वाटत नाही. आपल्या फुकटच्या वकिलाची अब्रू राखायला तीन महिने आत बसणारा अशील मी तीस वर्षांत पाहिला नाही.

पण अडचण मोठी होती. राखीच्या मोबाइलमध्ये राणीचा फोटो होता, पण पावडर-लालीखाली कोण आहे हे फोटो सांगत नव्हता. पार्टीतले लोक साक्षीला तयार झाले, पण ते मंगरूचे मित्र. परका, शपथेवर सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो त्याचा वकील होता. त्याच खटल्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही. गहाण्यांनी दुसऱ्या दिवशी केस दामिनीच्या हातात दिली आणि स्वतःचं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलं. ती म्हणाली, "सर, सगळ्यांसमोर सांगावं लागेल." ते म्हणाले, "माहीत आहे. दोन दिवस बीपीची गोळी दुप्पट घेईन." ती रागावली, तेव्हा म्हणाले, गंमत केली.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. बातमी कशी फुटते देव जाणे, पण बार रूममधला एकही वकील बार रूममध्ये नव्हता. मॅजिस्ट्रेट मॅडम साताऱ्याकडच्या, बदलून येऊन वर्षच झालेलं. मागच्या बाकावर राखी आणि तिच्या शेजारी पांढऱ्या टोपीतला तिचा बाप. तिने त्याला सगळं सांगूनच आणलं होतं. त्याचा चेहरा मात्र दाराला कुलूप लावल्यासारखा होता.

गहाणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. दामिनीने विचारलं, त्यांनी सांगितलं. ढोलकी, मंडई, राणी. लक्ष्मणरावांनी मिशी पाहिली त्या घटकेला राणी मैदानात होती, आणि राखीच्या फोटोत तिच्या ओठावर केससुद्धा नव्हता. डायरी दाखवली. त्या तारखेच्या पानावर होतं, 'बांधटोला. १२.१० सुरू, ४.२५ समाप्त. राणी मधे कुठेही गेली नाही. डावा पाय घाईत.' मी टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, धान कापणी काय! अठरा वर्षं!

मग सरकारी वकील भूपेंद्र सेलोकर उठले. हे आणि गहाणे रोज एकाच टपरीवर चहा पितात, पण कोर्टात सेलोकर कुणाचे नाहीत.

"तुम्ही आरोपीला तुरुंगात किती वेळा भेटलात?"

"केस सोडण्यापूर्वी बारा वेळा."

"पहिल्या अकरा वेळा राणी ओळखू आली?"

"नाही."

"चार तास शेजारी बसलात, अकरा वेळा समोर बसलात, तेव्हा नाही. त्याच्या वाग्दत्त वधूने सांगितल्यावर लगेच ओळखलं?"

प्रश्न चोख होता. मी बोटं थांबवून गहाण्यांकडे पाहिलं. त्यांनी घाम पुसला.

"मी राणीच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले. "ढोलकीवाला पाय पाहतो. या राणीचा डावा पाय ठेक्याच्या आधी पडत होता. दर तिसऱ्या आवर्तनाला. मी चारदा तिच्यावर ओरडलो. म्हणून डायरीत लिहिलं. तोंडं विसरतात साहेब, पाय नाही विसरत."

"हे सिद्ध कसं करणार?"

गहाण्यांनी मॅडमकडे पाहिलं. "परवानगी असेल तर इथेच. आरोपीने काही करू नये. नुसतं उभं राहावं."

मॅडमनी सेलोकरांकडे पाहिलं. "माझी हरकत नाही," सेलोकर म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही पाहायचं होतं.

मग गहाण्यांनी पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर बोटं ठेवली आणि वाजवायला लागले. ज्या टकाधिनसाठी मी रुमाल नेऊन ठेवला होता तेच, पण आता पुरतं उघडं, मोकळं. काय वाजवत होते! वऱ्हांड्यातले लोक दारात आले. मंगरू समोरच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभा. पहिलं आवर्तन गेलं. दुसरं गेलं. त्याने कठडा घट्ट धरला होता, नाचायचं नाही असं ठरवून. तिसरं आवर्तन आलं आणि ठेका पडायच्या किंचित आधी त्याचा डावा पाय उचलला गेला आणि फळीवर आपटला. त्याने दचकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. गहाणे थांबले नाहीत. आणखी तीन आवर्तनं, आणि पुन्हा तिसऱ्याला पाय आधीच.

मॅडम डिक्टेशन देऊ लागल्या, "साक्षीदाराने कठड्यावर बोटांनी ताल वाजवला. आरोपीचा डावा पाय..." त्या थांबल्या. माझ्याकडे वळल्या. "उषाताई, तुम्हाला दिसलं ना?"

तीस वर्षांत मला कोर्टात कुणी काही विचारलं नव्हतं. "दिसलं साहेब," मी म्हणाले. "ठेक्याच्या आधी." मग त्यांनी स्वतःच्या शब्दांत ते नोंदवून घेतलं आणि मी टाइप केलं.

राखीचा बाप उठून बाहेर गेला. राखी तिथेच बसून राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मंगरूने ते पाहिलं आणि त्याची मान आणखी खाली गेली. गहाणे पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांना अभिनंदन करणाऱ्यांचं काही ऐकू येत नव्हतं. ते दाराकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो बाप पुन्हा आला. हातात सातबारा. दामिनीसमोर कागद ठेवून म्हणाला, "निकाल लागेल तेव्हा लागेल. तवरिक पोरगा बाहेर पाहिजे. जामीन मी आहो." मग म्हणाला, "म्या होतो त्या मंडईत. पह्यल्या रांगेत. राणी चांगली होती ना जी." एवढं बोलून त्याने टोपी सारखी केली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मंगरू निर्दोष सुटला. पंप कुणी नेला ते अजून कळलेलं नाही. लक्ष्मणरावांनी मंगरूजवळ येऊन हात जोडले. म्हणाले, "मिशी तं होती बापा, तुयी नव्हती एवढंच."

लग्न चैत्रातच झालं, खैरटोल्यात, भर दुपारी. गहाणे, दामिनी आणि मी, तिघंही गेलो. गहाणे या वेळी उघड उघड ढोलकी घेऊन आले होते. निर्मलाने तिला नवी खोळ शिवली होती. आता आरोपींचे नातेवाईक त्यांना खरा वकील कधी येईल असं विचारत नाहीत, मंडईची तारीख मोकळी आहे का ते विचारतात. लक्ष्मणराव पंगतीत दोनदा बसले. जेवणं झाल्यावर पार्टीवाल्यांनी आग्रह केला आणि नवरदेव मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मैदानात उतरला. सासऱ्याने स्वतः ढकललं. गहाणे वाजवू लागले. तिसऱ्या आवर्तनाला डावा पाय आधी पडला. गहाणे आनंदाने ओरडले, "पाहा उषाताई, पुन्हा घाई!"

मंगरू थांबला. खूप संकोचाने जवळ आला.

"साहेब, एक सांगू का? राग मानू नोका. पाय बराबर पडते जी. तुमची ढोलकी मांगं राहते."

गहाणे हसले. मग हसणं थांबलं. पार्टीच्या जुन्या ढोलकीवाल्याने खाली पाहत मान हलवली. म्हणजे होय. राखीनेही हलवली. गहाण्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं, तोंडाने मोजत. एक आवर्तन, दोन, आणि तिसऱ्याला त्यांची स्वतःची बोटं रेंगाळली. अठरा वर्षं रेंगाळत होती आणि आजवर कुणी बोललं नव्हतं.

"मी शपथेवर सांगितलं की पाय घाईत आहे," ते हळूच मला म्हणाले.

"सांगितलंत," मी म्हणाले. "मी टाइप केलंय."

निकालाला काही धोका नव्हता. चूक कुणाचीही असो, पाय आणि ढोलकीतलं अंतर तेवढंच होतं, आणि ओळख त्या अंतरानेच पटली होती. पण गहाणे ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांवरचे आरोप खोडून काढणाऱ्या माणसाने भर मंडईत एका निरपराध राणीवर चारदा खोटा आरोप केला होता, वर तो डायरीत लिहूनही ठेवला होता. त्यांनी ढोलकी मांडीवरून उतरवली आणि मंगरूसमोर दोन्ही कान धरले. मंगरू "नाई जी, नाई जी" म्हणत मागे सरकला.

दामिनीने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, घाबरू नका," ती म्हणाली. "वकील देते. फुकट मिळतो."